आप्पांचं बीपी आणि आम्ही बेचाळीस जण

शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षं परिचारक म्हणून काम करतो. माझ्या खोलीच्या पाटीवर 'व्यावसायिक आरोग्य केंद्र' असं लिहिलेलं आहे. कामगार त्या खोलीला दवाखाना म्हणतात आणि मला ब्रदर. उत्तरेकडून आलेले कामगार 'डॉक्टर साब' म्हणतात. पहिली काही वर्षं मी त्यांना दर वेळी दुरुस्त करायचो. मग लक्षात आलं की मलमपट्टीपेक्षा या दुरुस्तीलाच जास्त वेळ जातो. तेव्हापासून नुसती मान हलवतो.

कारखान्यातला दवाखाना म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, तिथं कापलेली बोटं आणि भाजलेले हात येत असणार. येतात, पण रोज नाही. रोज येतं ते डोकं, पोट, मान आणि छातीतली धडधड. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मशीनवर नसतं. ते सुपरवायझरच्या केबिनमध्ये, घरी किंवा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत असतं. माणूस मात्र पोट धरून माझ्याकडं येतो, कारण पोटासाठी माझ्याकडं गोळी असते.

माझं मुख्य काम मोजण्याचं. वजन, ताप, नाडी आणि सगळ्यात जास्त बीपी. ज्यांना ते कसं मोजतात हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दंडाला पट्टी बांधायची, तिच्यात हवा भरून हातातलं रक्त क्षणभर थांबवायचं आणि मग हवा हळूहळू सोडत कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. ठोका ऐकू यायला लागतो तो वरचा आकडा, थांबतो तो खालचा. माझ्याकडं तबकडीचं मशीन आहे आणि तबकडीवर दोन-दोनच्या खुणा आहेत. त्यामुळे माझ्या रजिस्टरमध्ये विषम आकडा सापडणार नाही. अशा मशीनवर कुणी एकशे सत्तावीस लिहिलं असेल, तर त्यानं तबकडी बघितलेली नाही असं खुशाल समजावं. माझ्या आधीच्या गृहस्थांच्या रजिस्टरमध्ये सलग चार महिने सबंध कारखान्याचं बीपी एकशे वीस-ऐंशी होतं. इतका निरोगी कारखाना मी पुन्हा पाहिला नाही.

आकडा ऐकला की माणूस तो परीक्षेच्या गुणांसारखा घेतो. आमच्या स्टोअरमध्ये संपत नावाचा गृहस्थ आहे, माझ्याच गावचा, खुटबावचा. घरची ऊसशेती, सोसायटीच्या राजकारणात पुढं. तो दर महिन्याला बीपी बघायला येतो.

"किती पडलं?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"आन् निकम सायबाचं?"

"दुसऱ्याचं सांगता येत नाही, संपतराव."

"म्हंजी माझ्यापेक्षा जास्तच आसणार," असं म्हणून तो खूश होऊन जातो. मीठ कमी करा हे वाक्य मी त्याच्या पाठीला सांगतो.

हे निकम साहेब क्वालिटी विभागाचे. शिस्तीचे, नाकासमोर चालणारे. बाहेरून ऑडिटर येणार असले की त्यांचं पोट बिघडतं. गंमत अशी की ऑडिटची तारीख गुप्त ठेवायची पद्धत होती आणि ती फक्त त्यांना व प्लँट मॅनेजरांना ठाऊक असायची. एकदा औषधांचा साठा जुळवताना मी पाहिलं की जुलाबाच्या गोळ्या वर्षातून तीनदाच एकदम कमी होतात आणि प्रत्येक वेळी पाचव्या दिवशी ऑडिट होतं. पुढच्या खेपेला निकम साहेब गोळ्या घेऊन गेले तसा मी माझ्या खोलीचा कोपरान् कोपरा पुसून घेतला. ऑडिटरनं माझ्या खोलीचं कौतुक केलं. मॅनेजरांनी बोलावून विचारलं, "तुम्हाला तारीख कुणी सांगितली?" मी रजिस्टर पुढं केलं. त्यांनी ते वाचलं, मिटलं आणि म्हणाले, "हे कुलपात ठेवत जा."

हे हसण्यावारी गेलं. एक गोष्ट मात्र जात नाही. तळेगाव ढमढेऱ्याचा दत्ता नावाचा फिटर दोन महिने डोकं दुखतं म्हणून यायचा. मी ताप बघायचो, बीपी बघायचो, गोळी द्यायचो. रजिस्टरमध्ये त्याचं नाव अकरा वेळा आहे. बाराव्या वेळी तो आला नाही. काम सोडून गेला होता. त्याच्या घरात भावाभावांचं टोकाला गेलं होतं आणि तो रोज रात्री दोघांच्या मध्ये उभा राहायचा, हे मला नंतर त्याच्या शेजारच्या मशीनवाल्यानं सांगितलं. अकरा गोळ्या मी बरोबर नोंदवल्या. एकदाही विचारलं नाही की, बाबा, डोकं कधीपासून दुखतं, आणि तेव्हा घरात काय झालं होतं.

आता मारुतीआप्पांचं सांगतो.

आप्पा आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. वय एकावन्न, राहणार यवत. गाडी सकाळी सात वाजता यवतहून निघते, मला खुटबाव फाट्यावर घेते आणि केडगाव, पारगाव, न्हावरे करत कारखान्यावर येते. आम्ही बेचाळीस जण तिच्यातून जातो. आप्पा ही गाडी एकोणीस वर्षं चालवत होते आणि या काळात गाडीला एक ओरखडा नव्हता. उसाच्या दिवसांत पारगावच्या पुलावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अडकून पडतात, तिथंसुद्धा आप्पा हॉर्न न वाजवता थांबायचे. म्हणायचे, "त्योबी घरीच चाललाय."

ड्रायव्हर लोकांची दर वर्षी तपासणी होते. गेल्या वर्षीपासून नियम कडक झाला. वरचा आकडा दीडशेच्या किंवा खालचा पंचाण्णवच्या पुढं असेल आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही तसाच मिळाला, तर ड्रायव्हरनं गाडीवरून उतरायचं. दहा दिवसांत डॉक्टरांनी 'योग्य' लिहिलं तर परत गाडी, नाहीतर बसचा ठेकेदार त्या जागी दुसरा माणूस कायमचा घेणार.

एका सोमवारी आप्पा माझ्या खुर्चीत बसले. एकशे अडुसष्ट, एकशे चार. दहा मिनिटं शांत बसवून परत घेतलं. एकशे बहात्तर, एकशे सहा. मागच्या वर्षांत ते एकशे अठ्ठेचाळीस, एकशे पन्नास असे काठावर असायचे. मी आकडा लिहिला. आप्पांनी तो समोरून उलटा वाचला आणि टोपी घातली.

संध्याकाळी गाडीत बातमी पसरली आणि वैद्यकी सुरू झाली. कुणी म्हणालं दुधीचा रस, कुणी म्हणालं उपाशीपोटी लसूण. पॅकिंगच्या सुनीताताई केडगावच्या. गाडीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी फर्मान काढलं की उद्या सकाळी आप्पांना कुणी त्रास द्यायचा नाही. बडबड बंद, गाणी बंद, खिडकीवरून भांडण बंद.

मंगळवारी सकाळी आमच्या गाडीत मयताला निघाल्यासारखी शांतता होती. एरवी सोसायटीच्या निवडणुकीवरून केडगावपर्यंत दोन तरी पक्ष फुटतात. त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. आप्पा आरशातून सारखे मागं बघत होते. पारगावच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळले.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई, आप्पा," सुनीताताई म्हणाल्या.

"मंग बोलंनात का कुणी? माझ्या घरचा फोन आलाय का कुणाला?"

त्यांना समजावून परत गाडी सुरू करायला सहा मिनिटं लागली. त्या दिवशी मॅडमनी, म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंनी, स्वतः बीपी घेतलं. एकशे शहात्तर, एकशे आठ. आप्पांच्या पोटात तेव्हा पेलाभर दुधीचा रस, लसणाच्या सात पाकळ्या आणि दोन केळी होती. मॅडमनी खिडकी उघडली आणि गाडीची किल्ली जमा करायला सांगितली.

बदली ड्रायव्हर आला त्याचं नाव विकी. वय सव्वीस. बीपी एकशे अठरा, शहात्तर. माझ्या रजिस्टरमधला त्या महिन्यातला सगळ्यात देखणा आकडा. त्यानं गाडी पहिल्याच दिवशी अकरा मिनिटं लवकर पोचवली. एका हातानं तो चालवायचा, दुसऱ्या हातानं गाणी बदलायचा. पुलावर समोरून उसाची ट्रॉली येताना दिसली की तो वेग वाढवायचा, कारण त्याच्या मते ट्रॉलीच्या आधी पूल ओलांडायला तेवढाच वेळ असतो. आप्पा त्याच्या मागच्या सीटवर बसून यायचे, कारण रोज बीपी दाखवायचं होतं आणि गाडी त्यांना स्वतःच धुवायची होती. त्यांचा उजवा पाय यवतपासून कारखान्यापर्यंत मोकळ्या पत्र्यावर ब्रेक दाबत असायचा.

गुरुवारी गाडीतून उतरलेल्या काही जणांनी आपणहून बीपी बघायला रांग लावली. अकरा जण होते. माझ्याकडं त्यांचे जुने आकडे होतेच. अकरातल्या नऊ जणांचं वर गेलेलं होतं. संपतचं एकशे सत्तर.

"किती पडलं?" संपतनं विचारलं. मी सांगितलं. "आन् त्या विकीचं?"

"दुसऱ्याचं सांगत नाही मी."

"त्याचं काय आसणार. आमाला वाटून दिलंय की त्यानं."

हे मला पटलं. एकशे अठरा हा आकडा खरा होता, पण तो तेवढा कमी ठेवायला आम्ही बेचाळीस जण लागत होतो.

मग माझ्याकडं शिष्टमंडळ आलं. संपत पुढं, सुनीताताई मागं आणि दारात आणखी पाच-सहा जण.

"ब्रदर, आप्पांचं वीस-पंचवीस कमी लिवा," संपत म्हणाला.

"तबकडीवर दिसेल ते लिहिणार."

"तबकडीला काय कळतंय? ती बघतीया का पुलावर काय चाललंय ते?"

"माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून लोक गाडीत बसतात. खोटा लिहिला आणि आप्पांना चालत्या गाडीत काही झालं तर?"

"आन् ह्या विकीच्या गाडीत आमाला काय झालं तर?" सुनीताताई म्हणाल्या. "तवा कुणाचा आकडा बघणार तुम्ही?"

माझं पेन मात्र हललं नाही. शुक्रवारी सकाळी खुटबाव फाट्यावर गाडीत चढलो तर माझ्या नेहमीच्या जागेवर कुणाचा तरी डबा ठेवलेला होता. डबा कुणाचा हे बेचाळीसपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. न्हावऱ्यापर्यंत मी उभा होतो. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे तुमचं. पण उभं राहून बरोबर असायची सवय करा आता."

त्याच शुक्रवारी दुपारी आप्पांना बघायला मी यार्डात गेलो. गाडी धुऊन झाली होती आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून भाकरी खात होते. इंजिन बंद, दार उघडं. मी शेजारच्या इंजिनच्या झाकणावर बसलो. बॅग सोबत होती, पण उघडली नाही. दत्ताला जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आप्पा, माझ्या खुर्चीत बसलं की नेमकं काय होतं?"

त्यांनी घास संपवला. मग म्हणाले, "थोरला आठवतो."

आप्पांचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. कुठल्याशा तपासणीत त्याचं बीपी जास्त निघालं. घरच्यांनी घाबरून किल्ली काढून घेतली आणि आता बसून खा म्हणाले. तो ओट्यावर बसला. हायवे घरापासून जवळ. गाडी न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही दहा चाकी, हिचा क्लच गेलाय.

"दोन वर्षं बसला आन् गेला," आप्पा म्हणाले. "गेला तवा बीपी नार्मल होतं म्हणं. तुमी पट्टी बांधली की मला त्यो वटा दिसतो, ब्रदर. बीपीनं मरंन का न्हाई ठावं न्हाई. पर बसवलं तर मरंन."

माझं काम मोजण्याचं. त्यांनी हात धुतले. त्यांची पाठ टेकलेली होती, पाय सपाट होते, पाच मिनिटं होऊन गेली होती. पुस्तकात बीपी घेण्याआधी माणसाला जसं बसवायला सांगितलंय तसेच ते बसले होते. मी म्हणालो, "हात द्या जरा." त्यांनी डावा हात दिला आणि उजवा स्टिअरिंगवर ठेवला. एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. माझा विश्वास बसला नाही. दोन मिनिटांनी परत घेतलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.

"किती?"

मी सांगितलं. आप्पांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. "कमी करून सांगताय व्हय?"

मॅडमना मी तिथूनच जाऊन गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत बसून घेतलेल्या दोन आकड्यांवर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता तुमच्या खुर्चीतल्या आकड्यावरही माझा विश्वास राहिला नाही."

त्यांच्या शिरूरच्या दवाखान्यात चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं एक यंत्र आहे. ते दर अर्ध्या तासानं आपोआप फुगतं, मोजतं आणि आकडा साठवून ठेवतं. माणसानं त्या वेळी हात स्थिर ठेवायचा आणि आपण काय करत होतो ते वहीत लिहायचं. यंत्र बांधलेलं असताना गाडी चालवायची नाही, नुसतं उभ्या गाडीत बसलं तर चालेल, असं मॅडमनी दोनदा बजावलं. सोमवारी तिथं जाऊन ते बांधायचं, मंगळवारी काढायचं आणि मंगळवारीच निर्णय. आप्पा उतरल्यापासून तेव्हा सात दिवस होणार होते. मुदतीत आणखी तीन होते, पण मॅडमचा पुढचा शुक्रवार रजेचा, म्हणजे हीच शेवटची संधी.

वही आप्पांच्या सुनेनं लिहिली. अक्षर सुंदर आणि नोंदी चोख. मला तर तिला माझ्या हाताखाली घ्यावंसं वाटलं. 'दुपारी दीड: जेवण. दोन: म्हशीला पाणी, पट्टी फुगली, आवाजानं म्हैस बुजली. पाच: संपतभाऊ अर्ध्या दिवसाची रजा काढून चौकशीला आले. साडेपाच: संपतभाऊ बसलेत. सहा: संपतभाऊ अजून बसलेत.'

मंगळवारी आप्पा नेहमीसारखे विकीच्या मागं बसून आले, मग यार्डात जाऊन आपल्या गाडीत बसून राहिले. साडेअकराला मॅडमनी माझ्या खोलीत यंत्र सोडवलं आणि लॅपटॉपला जोडलं. दारात संपत आणि सुनीताताई उभे होते. त्यांना जेवणाच्या सुट्टीला अजून एक तास होता, हे मी घड्याळाकडं बघून सुचवलं. त्यांनीही घड्याळाकडं पाहिलं आणि तिथंच उभे राहिले.

पडद्यावर एक रेघ आली. डोंगरासारखी, वरखाली. मॅडम वही शेजारी घेऊन एकेक बिंदू बघू लागल्या.

"दुपार ठीक आहे. झोपेत उत्तम. इथं संध्याकाळी पाच ते सहा जरा चढलंय."

सगळ्यांनी संपतकडं पाहिलं. "मी नुसता धीर द्यायला गेलतो," तो म्हणाला.

"सकाळी सात ते साडेआठ पुष्कळ चढलंय."

"विकीची गाडी," सुनीताताई म्हणाल्या.

"मग नऊ ते साडेदहा. जागेपणी सगळ्यात कमी इथं आहे. एकशे सव्वीस, एकशे चोवीस, एकशे चोवीस, एकशे सव्वीस. तेव्हा कुठं होतात, आप्पा?"

"माझ्या शिटावर."

मॅडमचं बोट पुढं सरकलं आणि रेघेच्या शेवटच्या टोकावर थांबलं. ते टोक इतकं उंच होतं की बाकीचा डोंगर त्याच्यापुढं बांधासारखा दिसत होता. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे आठ.

"हे अकरा वाजताचं. वहीत काहीच लिहिलेलं नाही. अकराला काय झालं होतं?"

आप्पा खाली बघू लागले. मग माझ्याकडं बघून, अपराध्यासारखं, म्हणाले, "ह्यांच्या दाराशी बाकड्यावर येऊन बसलो होतो."

मी तो आकडा पुन्हा पाहिला, वेळ पाहिली, बाकड्याकडं पाहिलं. चूक काढायला जागा नव्हती. बावीस वर्षं त्या बाकड्यावर माणसं बसत आली होती आणि आत आली की मी त्यांचे आकडे दोन-दोनच्या खुणांवर अचूक लिहीत आलो होतो. त्यातल्या कितींना माझ्यामुळं गोळ्या चालू झाल्या असतील, हा हिशेब मी त्या क्षणी मनात मांडायला घेतला आणि सोडून दिला. हे एकच गणित मी अर्धवट सोडलं असेल.

मॅडम मात्र हसत होत्या. "चोवीस तासांची सरासरी मर्यादेत आहे. गोळीची गरज नाही, लोणचं-पापड बंद करा. महिन्याला एकदा बीपी बघायचं. गाडी चालवायला योग्य." त्यांनी सही केली आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. "खाली शेरा तुम्ही लिहा. मोजणी दवाखान्यात करू नये, ब्रदरनी गाडीत जाऊन करावी."

"असंच्या असं लिहायचं?"

"खोटं लिहायची तुम्हाला सवय नाही ना?"

मी लिहिलं. अक्षर जरा बिघडलं. संपत आणि सुनीताताई तोवर विकीकडून किल्ली आणायला गेलेसुद्धा. आप्पांनी कागद घेतला, चार घड्या करून आतल्या खिशात ठेवला आणि टोपी घातली. मी म्हणालो, "आप्पा, बसा थोडं, चहा सांगतो."

"नगं," ते दाराकडं सरकत म्हणाले. "मानूस म्हणून तुमी लाख हाव, ब्रदर. पर निघतो आता. हितं जास्त बसलो तर परत चढंल."